वाडा पाडण्याआधी पांढरी वाचा: खान्देशातल्या जुन्या गावठाणात जमिनीखालचं गाव कसं ओळखायचं

तालुक्याच्या एका गावी जुन्या पेठेतला दुमजली वाडा पाडून तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट असं बांधकाम व्हायचं होतं. मी पोहोचलो तेव्हा पायाचा खड्डा पुरुषभर खोल गेला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या माती भरून गावाबाहेर चालल्या होत्या. खड्ड्याच्या कडेला राखेचे पट्टे उघडे पडले होते. एक चूल, तिच्याखाली शेणानं सारवलेली जमीन, तिच्याखाली पुन्हा राख आणि पुन्हा सारवण. माती कुठे नेता म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, नव्या प्लॉटवर भरावाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काँक्रीट पडलेलं होतं. मालकाकडे परवानगी होती, नकाशा मंजूर होता, कोणी वेडंवाकडं काही केलं नव्हतं. या जागेखाली काय असू शकेल, हा प्रश्न मात्र कोणी वेळेवर विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

तो प्रश्न वेळेवर कसा विचारायचा आणि त्याचं उत्तर कुठे शोधायचं, हे इथे सांगतो. तरुण आर्किटेक्ट, साइट इंजिनिअर, सोसायटीचे पदाधिकारी, वाड्याचे वारस, इतिहासाचे विद्यार्थी, यांपैकी कोणीही हे काम करू शकतं. खर्च फारसा नाही. आठ-दहा दिवसांची पायपीट आणि चिकाटी पुरते. अट एकच: नकाशा कागदावर असतानाच हे झालं पाहिजे. जेसीबी आल्यावर जे कळतं ते फक्त हळहळ करायच्या कामाचं असतं.

इंग्लंडमध्ये ही पद्धत नियमात बसली ती एका धक्क्यानंतर. १९८९ साली लंडनमध्ये ऑफिसच्या इमारतीसाठी जागा मोकळी करताना १५८७ च्या रोझ या नाटकगृहाचा पाया सापडला. लोक रस्त्यावर उतरले, इमारतीचा आराखडा बदलावा लागला, पैसा आणि वेळ दोन्ही गेलं. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, तिथल्या सरकारनं मार्गदर्शक सूचना काढली: जमिनीखाली काय असू शकतं याचा अंदाज परवानगीच्या आधी घ्या. आपल्याकडे साध्या पुनर्विकासाच्या परवानगीत अशी सर्वसाधारण अट नाही. म्हणून हे काम ज्याला कळकळ आहे त्यानंच पुढे होऊन करायचं.

पहिली पायरी: जागा काळीत आहे की पांढरीत?

आपल्या म्हाताऱ्या माणसांनी पुरातत्त्वाचा पहिला धडा दोन शब्दांत सांगून ठेवला आहे. शेतीची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, मातीचा रंगच तसा असतो. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं राहिली की चुलीची राख, शेण, गुरांचा गोठा, पडलेल्या भिंतींची माती आणि कुजलेलं गवत मिसळून जमीन करडी-पांढुरकी होते. वाळली की पिठासारखी भुसभुशीत, पावसात चिकट. हातात घेऊन चुरली तर कोळशाचे कण, हाडाचे बारीक तुकडे, खापरीचे कपचे दिसतात.

खान्देशात ही पांढरी जरा जास्तच वेगानं चढते, आणि त्याला कारण आपली धाब्याची घरं. मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर काड्या आणि त्यावर हातभर माती. असं घर पडलं की ती सगळी माती तिथेच बसते. कोणी उचलून नेत नाही. सपाट करून त्यावरच पुढचं घर उभं राहतं. चार-पाच पिढ्यांत शेजारच्या रस्त्यापेक्षा ओटा उंच होतो. म्हणून जुन्या गावात चढावर चालायला लागलात, आणि तो चढ खडकाचा नसला, तर समजा की तुम्ही घरांवरून चालला आहात.

इथे नवख्या माणसाची एक चूक हमखास होते. पांढरीची माती पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून लोक ती जुन्या टेकाडावरून किंवा पडक्या गढीवरून आणून धाब्यावर टाकत. खत म्हणून शेतातही नेत. त्यामुळे पडक्या वाड्याच्या ढिगाऱ्यात एखादी जुनी रंगीत खापरी दिसली, की ती त्याच जागेची असेलच असं नाही. ती छतातून खाली आलेली असू शकते. मोजायची ती पायाखालच्या थरातली खापरी. ढिगाऱ्यातल्या खापरीवरून गावाच्या पांढरीबद्दल काही कळेल, तुमच्या प्लॉटबद्दल नाही.

दुसरी पायरी: नदी आणि वाट

नकाशावर जागेपासून नदीचं अंतर मोजा. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, बुराई, गोमाई, या नद्यांच्या उंच काठावर, पुराच्या रेषेच्या वर, जी गावं आहेत ती फार जुनी असण्याचा संभव सगळ्यात जास्त. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा इथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून (माणूस तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबतच वापरायचा तो काळ) पुढच्या वस्त्यांचे थर एकावर एक मिळाले. गिरणेकाठच्या बहाळला एम. एन. देशपांडे यांच्या उत्खननात हीच कथा निघाली, आणि समोरच्या काठावर टेकवाड्याला त्या काळची दफनं सापडली. म्हणजे एका काठावर वस्ती आणि दुसऱ्या काठावर तिची स्मशानभूमी, असंही असू शकतं. तुमची जागा गावाच्या ‘पलीकडच्या’ बाजूला आहे म्हणून ती सोडून देऊ नका. या प्रदेशाचं देणं इतकं मोठं आहे की ताम्रपाषाण काळातल्या एका संस्कृतीला तापीकाठच्या सावळदा या गावाचंच नाव मिळालं.

नदीइतकीच महत्त्वाची वाट. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोगलकाळातला व्यापारी रस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जायचा. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो याच वाटेनं गेला. या रस्त्यावरच्या गावांत जुन्या पेठेच्या प्लॉटखाली सरायांचे पाये, गोदामं, निळ्या-हिरव्या झिलईची भांडी, चिनी मातीचे तुकडे मिळू शकतात. लोक ‘फुटलेल्या कपबश्या’ म्हणून ते फेकून देतात.

तिसरी पायरी: कागद

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निम्मं काम इथेच होतं. भूमी अभिलेख कार्यालयातून जागेचा सिटी सर्व्हेचा नकाशा, मिळकत पत्रिका आणि जमलं तर जुन्या चौकशी नोंदवहीचा उतारा काढा. नोंदवहीत जागेचं जुनं वर्णन असतं: ‘पडीत’, ‘बखळ’, ‘गढीची जागा’, ‘सरकारी कोट’, ‘बारव’. बखळ हा शब्द दिसला तर खूश व्हा. कोणे एके काळी घर होतं, पडलं, आणि नंतर कोणी खोदकाम केलं नाही, असा त्याचा अर्थ. अशा जागेखालचे थर बहुधा शाबूत असतात. बांधलेल्या प्लॉटपेक्षा मोकळी पडीक जागा पुरातत्त्वाच्या दृष्टीनं जास्त मोलाची असू शकते, हे बिल्डरला पटवून द्यायला वेळ लागतो, पण खरं तेच आहे.

सिटी सर्व्हेच्या नकाशात गल्ल्यांचा आकार बघा. गल्ली गोल वळत असेल आणि घरांच्या पाठी एका वाकड्या रेषेत येत असतील, तर ती रेष जुन्या गावकुसाची किंवा खंदकाची असण्याची दाट शक्यता आहे. खंदक बुजला तरी जागा नरम राहते, तिथल्या इमारतींना तडे जातात, आणि त्या ओल्या गाळात लाकूड, चामडं, बिया अशा एरवी न टिकणाऱ्या गोष्टी टिकतात. ‘वेस’, ‘कोट’, ‘गढी’, ‘खंदक’, ‘टेक’, ‘कुंभारवाडा’ ही नावं रस्त्यांत आणि गल्ल्यांत जिवंत असतात. कुंभारवाडा दिसला तर भट्टीची राख आणि बिघडलेल्या भांड्यांचे ढीग धरूनच चाला.

उलट धुळ्याच्या सरळ, नंबरांच्या गल्ल्या बघा. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जनं खान्देशच्या कारभारासाठी धुळं निवडलं आणि गावाला आजचं महत्त्व आलं. आखलेल्या सरळ गल्ल्या असलेल्या भागात वस्तीचे थर पातळ असणार, असा पहिला अंदाज बांधता येतो. पण जुनं धुळं त्याआधीही होतं. १८०३ च्या दुष्काळात ते ओस पडलं आणि लगेच पुन्हा वसवलं गेलं. ओस पडणं जमिनीत दिसतं: पडलेल्या भिंतींचा थर आणि त्यावर राख-खापरी नसलेला मातीचा पट्टा. १८७२ मध्ये पांझरेच्या पुरानं शहराची मोठी हानी केली. पूरही जमिनीत दिसतो: स्वच्छ वाळू-गाळाची पट्टी, जिच्यात माणसाची खूण नसते. नदीकाठी खड्ड्यात अशी पट्टी लागली की कंत्राटदार म्हणतो, ‘लागली मूळ माती’. मूळ माती लागलेली नसते. त्या गाळाखाली आधीचं गाव झाकलेलं असू शकतं, आणि गाळानं झाकलं म्हणूनच चांगलं टिकलेलं असू शकतं. गावात कधी दुष्काळ, पूर, आग, प्लेग झाला याची यादी करणं मी म्हणूनच सक्तीचं मानतो.

ही यादी करायला १८८० चं खान्देशचं गॅझेटियर उत्तम. त्यात गावोगावच्या गढ्या, देवळं, विहिरी, पडझड यांच्या नोंदी आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिक अहवालांत १९५३-५४ पासून वर्षावर्षाला कुठे काय सापडलं याच्या तालुकावार ओळी मिळतात. एखाद्या गावासमोर ‘ताम्रपाषाण, प्राचीन ऐतिहासिक’ इतकंच लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर सगळं काम फिरतं. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ तर आपल्या दारातच आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांचं निधन १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच झालं आणि त्यांच्या मागे त्यांच्या कागदांसाठी ही संस्था उभी राहिली. तिथे जाऊन फक्त गावाचं नाव सांगा आणि शांतपणे बसा.

अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रं आता खुली झाली आहेत. कॉलन्या वाढायच्या आधीची गावं त्यांत दिसतात. आज लेआउटखाली गेलेलं टेकाड त्यात उजळ डागासारखं दिसलं, तर तुमच्या नकाशावर लगेच खूण करा.

चौथी पायरी: म्हातारी माणसं

ओट्यावर बसा आणि विचारा, ‘माय, आठे पह्यले काय व्हतं?’ घाई करू नका. नकाशा काढून दाखवला की माणसं बिचकतात, त्यांना वाटतं मोजणी आली. आधी लग्नाची, पाण्याची, पेठेच्या बाजाराची गोष्ट होऊ द्या. विहीर कुठे बुजवली, पेव (धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार) कुठे होतं, कोणाच्या घराची जमीन अचानक खचली, संडासाचा खड्डा खणताना काय निघालं, ही माहिती कुठल्याच कचेरीत नसते. जमीन खचली असं दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर खाली पेव किंवा तळघर आहे असं धरा. हे इतिहासासाठी जितकं महत्त्वाचं, तितकंच पोकलेनवर बसणाऱ्याच्या जिवासाठी.

भुयाराच्या गोष्टी प्रत्येक गावात मिळतात. गढीपासून नदीपर्यंत, गढीपासून देवळापर्यंत. त्या हसण्यावारी नेऊ नका आणि नोंदवल्याशिवाय सोडूही नका. माझा अनुभव असा की भुयार म्हणून दाखवलेल्या जागी बहुतेक वेळा सांडपाण्याची दगडी मोरी, बळद म्हणजे धान्याची बांधीव कोठी, किंवा बुजलेली पायविहीर निघते. तीही नोंद करण्यासारखीच.

पाचवी पायरी: पायी फेरी

पहाटे किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना जा. जागेवर आणि भोवतालच्या दोन-तीनशे मीटरांत फिरा. काय बघायचं? रस्ता आणि आतल्या अंगणाच्या पातळीतला फरक. गटाराच्या आणि पाइपलाइनच्या ताज्या चरांच्या कडा, कारण नगरपालिकेनं खणलेला चर म्हणजे तुम्हाला आयता मिळालेला जमिनीचा उभा छेद. पडक्या भिंतीत बसवलेले जुने कोरीव दगड, एखादी वीरगळ, सतीशिळा, उलटा ठेवलेला खांब. विहिरीचा काठ. कडुनिंबाखालचा शेंदूर लावलेला दगड, जो कदाचित एखाद्या देवळाचा तुकडा असेल.

खापऱ्यांची ओळख करून घ्या. सगळी लगेच येणार नाही, पण चार प्रकार डोळ्यांत बसवा. पातळ, तांबूस-नारिंगी, वाजवली तर खणखणीत, वर काळ्या रंगाच्या रेषा, ती बहुधा जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतीच्या काळातली, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी. जाडसर आणि वर प्राण्यांची, शस्त्रांची गडद चित्रं असलेली सावळद्याची, त्याहूनही आधीची. आत काळी आणि बाहेर लाल अशी दुरंगी खापरी अनेक काळांत येते, तिच्यावरून एकटीनं निकाल देऊ नका. काचेसारखी झिलई असलेली मध्ययुगीन. विटाही बोलतात. सातवाहन काळातली वीट आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, आणि रुंद असते. मध्ययुगीन वीट पातळ आणि लहान. पट्टी सोबत ठेवा आणि तिन्ही बाजू मोजा.

उचलू नका. फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून, आणि मोबाइलमध्ये जागेची खूण लावा. शंभर खापऱ्या पिशवीत घरी नेल्या की त्यांना जागा उरत नाही, आणि जागा नसलेल्या खापरीला भाषा नसते.

सहावी पायरी: माती परीक्षणाचा अहवाल

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबेन, कारण इथे हातात आयता खजिना येतो आणि जवळजवळ प्रत्येक जण तो वाया घालवतो.

इमारतीच्या डिझाइनसाठी माती परीक्षण करावंच लागतं. जागेवर दोन-तीन ठिकाणी बोअर मारतात, ठरावीक खोलीवर नमुने घेतात आणि अहवालात तक्ता देतात. त्या तक्त्यातली सगळ्यात वरची ओळ वाचा. तिथे बहुतेक वेळा ‘भराव’ किंवा ‘भरावाची सैल माती, विटांच्या तुकड्यांसह’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे खोली: दीड मीटर, तीन मीटर, क्वचित पाच. इंजिनिअरसाठी ती ओळ म्हणजे काढून टाकायचा कचरा. तुमच्यासाठी ती ओळ म्हणजे गाव. जुन्या गावठाणात कोणी तीन मीटर भराव आणून टाकलेला नसतो. तो भराव म्हणजे पांढरीच.

म्हणून माती परीक्षणवाल्यांना आधीच सांगा आणि बोअर चालू असताना तिथे उभे राहा. नमुन्याच्या नळीतून माती बाहेर येते तेव्हा खोली लिहून रंग नोंदवा: करडी, राखाडी, भाजलेली तांबडी, काळी, पिवळी चुनखडीयुक्त. कोळसा, हाड, खापरी, चुन्याचा गिलावा आहे का ते बघा. प्रत्येक वेगळ्या थरातली मूठभर माती पिशवीत, पिशवीवर बोअर क्रमांक आणि खोली. यासाठी वेगळा खर्च नाही, वेगळी परवानगी नाही, आणि एका दिवसात तुम्हाला कळतं की जागेखाली वस्तीचा थर किती जाड आहे.

दोन-तीन बोअरच्या नोंदी कागदावर शेजारी शेजारी उभ्या काढा आणि सारखे थर रेषेनं जोडा. एका टोकाला पांढरी चार मीटर आणि दुसऱ्या टोकाला अर्धा मीटर असेल, तर जागेखाली टेकाडाचा उतार आहे. आता इमारत कुठे बसवावी आणि पार्किंग कुठे, हे ठरवायला तुमच्या हाती काहीतरी आलं.

पांढरीच्या खाली काळी माती, पिवळा गाळ किंवा मुरूम लागला की वस्ती संपली असं मानतात. साधारणपणे बरोबर, पण साक्री तालुक्यातल्या कावठे इथे सुरुवातीच्या शेतकऱ्यांची घरं जमिनीत खड्डा करून बांधलेली मिळाली. सगळ्यात जुनी माणसं मूळ मातीच्या आतही शिरलेली असतात. काळ्या मातीत राखेचा गोल डाग दिसला तर तो बिळाचा म्हणून सोडू नका.

एक ताकीद. पुरातत्त्वासाठी म्हणून स्वतःच चाचणी-खड्डा घेऊ नका. उत्खनन हे परवानाधारक संस्थेचं काम आहे आणि कायद्यानं त्याला मंजुरी लागते. शिवाय अर्धवट खणलेला खड्डा अख्ख्या जागेचा अर्थ बिघडवतो.

सातवी पायरी: आधीच काय गेलं?

शक्यता कितीही मोठी असली तरी आधीच्या बांधकामानं ती खाल्लेली असू शकते. जागेच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवा आणि जुने पाये, सेप्टिक टँक, शोषखड्डा, बोअरवेल, तळघर, पाण्याची टाकी लाल पेन्सिलीनं भरा. मातीच्या वाड्यांचे पाये उथळ असतात. ते हात-दोन हात खाली जातात आणि फार नुकसान करत नाहीत. आरसीसी इमारतीचे कॉलम मात्र काळ्या मातीला घाबरून थेट मुरमापर्यंत नेलेले असतात. तरी दोन कॉलमच्या मधली माती शिल्लक असते. लाल नसलेला भाग किती उरतो ते बघा. तोच तुमचा विषय.

आठवी पायरी: कायदा, थोडक्यात

केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, ही तरतूद १९५८ च्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं पक्की झाली. थाळनेरच्या फारुकी कबरी, बलसाण्याची देवळं, चांगदेवचं मंदिर अशा ठिकाणांच्या जवळ जागा असेल तर बाकी सगळं सोडून आधी हे अंतर मोजून घ्या. नियंत्रित क्षेत्रात बांधकामाला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे आणि त्याची विचारपूस राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नाशिक विभागाकडे करायची.

जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाण्यांचं गाडगं मजुरांत वाटून घेणं हा गुन्हा आहे. मजुरांना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा, आणि सापडल्यावर त्यांना त्रास होणार नाही याची हमी मालकाकडून घ्या. भीती असली की माणसं लपवतात.

बिल्डरची मुख्य भीती वेगळी असते: काही निघालं तर काम कायमचं बंद पडेल. त्यांना सरळ सांगा, नुसती खापरं निघाली म्हणून परवानगी आपोआप रद्द होत नाही. उलट काय निघेल याचा अंदाज आधी असेल, तर नोंदणीसाठी पाच दिवस वेळापत्रकातच धरता येतात. अचानक निघालं की गर्दी जमते, अफवा उठतात आणि मग खरंच काम थांबतं.

अफवेबद्दल आणखी एक. जुन्या गावात एका जागेवर अनेक समाज एकामागून एक राहिलेले असतात. अहवालात थर, खोली, वस्तू आणि अंदाजे काळ लिहा. ही जागा ‘कोणाची’ होती असा निवाडा देऊ नका. तुमच्या टिपणाचा उपयोग भांडणासाठी झाला, तर पुढच्या वेळी कोणी तुम्हाला गल्लीत उभं करणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

नववी पायरी: नकाशावर निर्णय

आता जागेचे तीन रंगांत भाग पाडा. जिथे पांढरी जाड आहे आणि आधीची तोडफोड कमी, तो भाग जास्त शक्यतेचा. जिथे पांढरी पातळ किंवा मोडलेली, तो मध्यम. जिथे तळघर-टाकी होऊन गेली किंवा थेट मुरूम लागतो, तो कमी शक्यतेचा. कारण प्रत्येकासमोर एका वाक्यात लिहा. टक्केवारी देऊन खोटा नेमकेपणा आणू नका.

मग आर्किटेक्टबरोबर बसा. जुन्या गावठाणात सगळ्यात जास्त नाश तळघरातल्या पार्किंगनं होतो, कारण ते अख्ख्या प्लॉटमधून गाव उचलून नेतं. तळघर टाळून स्टिल्टवर पार्किंग घेता आलं तर निम्मी लढाई जिंकली. सलग चर खणण्याऐवजी पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, वापरता येतात का ते विचारा. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल आपल्या इंजिनिअरांना नवे नाहीत. यॉर्क शहरात १९९१ च्या अभ्यासानंतर असा दंडक सुचवला गेला की नव्या पायानं जागेवरच्या जुन्या थरांपैकी पाच टक्क्यांहून जास्त भाग नष्ट होऊ नये. आपल्या छोट्या प्लॉटवर तो आकडा गाठणं अवघड आहे, पण सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी लाल भागातच, म्हणजे जिथे आधीच मोडलंय तिथेच, ठेवणं कोणालाही जमतं. एक पैसाही जास्त लागत नाही. फक्त आराखडा काढताना कोणीतरी शेजारी बसून बोट ठेवावं लागतं.

दहावी पायरी: खड्डा उघडतो तो दिवस

जास्त शक्यतेच्या भागात खोदकामाच्या वेळी एक माणूस कायम हजर हवा. त्याच्याकडे छत्री, पट्टी, करणी, ब्रश, वही, फोन, आणि पोकलेन चालवणाऱ्याशी आधीच झालेली ओळख. बकेटला दात नसलेली पट्टी लावायला सांगा, त्यानं माती सोलल्यासारखी निघते आणि कडा स्वच्छ राहते. एका वेळी वीतभर खोली. माती बदलली की हात वर. चहा तुम्ही पाजा.

राख, सारवण, विटांची रांग, विहिरीचं कडं, मडकं, काहीही दिसलं तरी आधी जागेवरच फोटो. विशेष लक्ष द्यावं असं एक: जोर्वे काळात लहान मुलांना मडक्यात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी दिसली तर ती हलवू नका, आत डोकावू नका, त्या कोपऱ्यातलं काम थांबवा. पुरातत्त्व खात्याच्या नाशिक कार्यालयाला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजला फोन करा. यांचे नंबर आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असू द्या. हाडं माणसाची आणि अलीकडची वाटली तर पोलिसांना कळवणं आलंच.

खड्ड्याची निदान एक भिंत करणीनं साफ करून तिचं रेखाचित्र काढा. वरच्या काठापासून टेप सोडा, दर थराची सुरुवात आणि शेवट लिहा, रंग लिहा, काय दिसलं ते लिहा. कलेची गरज नाही, मापं बरोबर हवीत. फोटोत वेळ-तारीख आणि उत्तर दिशा आली पाहिजे. या टिपणाची एक प्रत मालकाला, एक नगरपालिकेच्या नगररचना विभागाला, एक राजवाडे मंडळासारख्या जवळच्या संस्थेला. शेजारच्या प्लॉटवर उद्या कोणी काम काढेल, तेव्हा त्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

आणि हे सगळं त्याच संध्याकाळी पुरं करा. कंत्राटदार सकाळी सातला काँक्रीट टाकतो, आणि ट्रान्झिट मिक्सर गल्लीच्या तोंडाशी रात्रीच येऊन उभा राहतो.